पट्टीकाकांचा झोका

पट्टीकाकांना नमस्कार करायचा तर लांबून करावा, हे बरकतपुऱ्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. हात मिळवायला गेलात तर गेलात. ते तुमचा हात हातात घ्यायचे, तीन बोटं हळूच सरकत मनगटावर यायची, डोळे घड्याळाच्या सेकंदकाट्यावर लागायचे आणि पुढचं अर्धं मिनिट तुम्ही त्यांचे कैदी. त्या अर्ध्या मिनिटात कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. मग आकडा जाहीर व्हायचा. "चौऱ्याऐंशी. जिना चढून आलात, की बायकोशी भांडून?" लग्नकार्यात तर त्यांना बोहल्याच्या आसपास फिरकू देत नसत. एकदा मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी अंतरपाटाआड उभ्या नवरदेवाचं मनगट धरलं होतं आणि मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "अडुसष्ट! याचं लक्ष नाही इथं." त्या नवरदेवानं पुढे चांगला तीन लेकरांचा संसार केला, पण त्याच्या सासूनं काकांना काही माफ केलं नाही.

काकांनी तीस वर्षं एका सरकारी दवाखान्यात ईसीजी काढले. डॉक्टर नव्हेत, डॉक्टरांच्या आधी पेशंटला गाठणारे. ते निवृत्त झाले त्याच महिन्यात दवाखान्यानं त्यांचं जुनं मशीनही मोडीत काढलं, आणि काकांनी ते लिलावात उचलून आणलं. "दोघं एकदमच भंगारात निघालो, आता वेगळं कशाला राहायचं?" असं ते म्हणत. काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांनी खोली थाटली. एक लोखंडी पलंग, एक पडदा, आणि दारावर तेलुगू, उर्दू, इंग्रजी आणि मराठी अशा चार भाषांतली पाटी. मराठीची ओळ पेंटरनं सगळ्यात शेवटी, उरलेल्या दोन बोटं जागेत कोंबली होती, त्यामुळे मराठी माणसं पाटीला नाक लावून उभी राहायची. काका आतून ओरडायचे, "पाटी काय वाचताय? आत या, मी तुम्हाला वाचतो."

मशीनला अर्थिंग लागायचं. त्याची हिरवी वायर मोरीतल्या नळाला गुंडाळलेली असे. हातापायांना लावायची जेली संपली की काकू घरातलं खडेमीठ पाण्यात विरघळवून त्यात कापसाचे बोळे भिजवून द्यायच्या. मीठ लोणच्याच्या फडताळातलं असल्यामुळे तपासून आलेल्या माणसाच्या मनगटाला दिवसभर मेथी-मोहरीचा वास यायचा, आणि अमका कुठून आला हे गल्लीला न सांगता कळायचं.

ईसीजीच्या त्या लांबोडक्या कागदाला काका 'पट्टी' म्हणत, म्हणून ते पट्टीकाका. बिघडलेल्या, फाटलेल्या, अर्धवट निघालेल्या पट्ट्यांचा त्यांच्या घरात कधी तुटवडा नव्हता. काकूंची वाण्याची यादी पट्टीच्या पाठीवर असायची. पुढे कुणाचं तरी हृदय, मागे अर्धा किलो तूरडाळ. डब्यांवरची लेबलं पट्टीची, पोथीतली खूण पट्टीची. मी लहानपणी त्यांच्या फडताळावरच्या 'जिरे' या लेबलात कुणाचा तरी हार्ट अटॅक पाहिलेला आहे, काकांनीच बोट ठेवून दाखवला होता.

पण त्यांचा खरा वेडेपणा याच्या पुढे सुरू व्हायचा. त्यांच्या शर्टाच्या खिशात शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक असे. त्याच्या टोकानं एकूण एक शर्टाचे खिसे फाटलेले आणि काकूंनी एकूण एक शिवलेले. पट्टीवर एकामागून एक टोकं असतात. एक टोक म्हणजे हृदयाचा एक ठोका. काका कर्कटकाचे दोन पाय दोन टोकांवर रोवायचे आणि तेवढंच अंतर धरून पट्टीभर चालत जायचे. तुम्ही-आम्ही म्हणू की अंतरं सारखी आली तर उत्तम. काका म्हणायचे, मोठ्या माणसाचं ठीक आहे, पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचं हृदय असं सारखं चालता कामा नये. ते श्वास घेतला की जरा पळतं आणि सोडला की रेंगाळतं. अंतरं आखडतात, सैल होतात, पुन्हा आखडतात. याला त्यांनी 'झोका' असं नाव दिलं होतं.

"पोरगं झोक्यावर पाहिजे," ते म्हणायचे. "ज्याचा झोका थांबला, त्याच्या छातीवर कुणीतरी बसलंय समजा. बाप असेल, मास्तर असेल, नाहीतर तो स्वतःच असेल."

डॉक्टर मंडळी हसायची. या झोक्याला शास्त्रात रीतसर नाव आहे आणि त्याचा मुलांच्या मनाशी काय संबंध आहे हे शोधण्यात शहाणीसुरती माणसं गुंतलेली आहेत, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. काकांचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. झोका मंदावायला शंभर कारणं असतात, असं मला नंतर एका डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. काकांना मात्र शंभर कारणांत रस नव्हता.

एकदा शेजारच्यांच्या नव्या कलर टीव्हीवर क्रिकेटची मॅच रंगात आली असताना त्यांनी शेवटच्या षटकात गल्लीतल्या सहा पोरांच्या नाड्या मोजल्या. पोरं बोंबलत होती आणि काका एकेकाचं मनगट धरून "हलू नको रे हौल्या" म्हणत होते. मग चार दिवसांनी सकाळी त्याच पोरांना त्यांनी बसस्टॉपवर गाठलं, क्लासच्या परीक्षेला निघालेली असताना. तिथे उभी असलेली एक बाई त्यांना हस्तरेषावाले समजली आणि "माझ्या मुलाला नोकरी कधी लागेल?" असं विचारू लागली. काकांनी तिचीही नाडी पाहून घेतली. घरी येऊन काकूंना म्हणाले, "ठोके तेवढेच आहेत गं. पण मॅचच्या दिवशी पोरं धावत होती. आज पळून जातायत."

ते दिवसच तसे होते. देश नुकताच खुला झाला होता. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे एसटीडी बूथ आणि काँप्युटरचे क्लास निघाले होते. काँप्युटरच्या खोलीत एसी असायचा आणि चपला बाहेर काढून देवळासारखं आत जावं लागायचं. बसच्या पाठीवर इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे एमसेटमध्ये, चमकलेल्या पोरांचे पासपोर्ट फोटो रांगेनं चिकटवलेले असत. तेलकट केसांची, दचकलेली तोंडं. आमच्या बाबांना त्या रांगेत माझं तोंड हवं होतं. बाबा पाटबंधारे खात्यात सुपरिंटेंडेंट होते. त्यांच्या हाताखालच्या कारकुनाचा मुलगा अमेरिकेला गेला, तेव्हापासून आमच्या घरात अमेरिका हा शब्द देवाच्या नावासारखा रोज संध्याकाळी घेतला जायचा. मला गणित येत नव्हतं अशातला भाग नाही. पण मला ते आवडतं का, हे घरात कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

इंटरच्या दुसऱ्या वर्षात, म्हणजे बारावीला, सोळा पुरी झाल्यावर, माझी छाती वाजायला लागली. जिना चढून नव्हे, नुसती बसलेली असताना. पुस्तक उघडलं की धडधड. बोटं गार पडायची, अक्षरं सरकायची, आणि कानात इतका आवाज व्हायचा की क्लासमधल्या सरांचे फक्त ओठ हलताना दिसायचे. झोप गेली. मी आईला सांगितलं, तर आईचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला. तिला माझ्या हृदयाची काळजी होतीच, पण त्याच्या पाठोपाठ दुसरी काळजी आली. मुलीला हार्ट आहे असं एकदा समाजात झालं की तिच्याशी लग्न कोण करणार?

म्हणून एका दुपारी, गल्ली जेवून लवंडलेली असताना, आईनं मला रिक्षात घातलं आणि काकांच्या खोलीवर नेलं. पडद्याआड काकूंनी मला मिठाचे बोळे लावले. मशीन गुरगुरलं, पट्टी निघाली. मी वाट बघत होते की आता काका आकडा ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी कर्कटक काढलं, पट्टीवर चालवलं, पुन्हा पहिल्यापासून चालवलं, आणि खिशात ठेवून दिलं.

"नॉर्मल आहे ना हो?" आईनं विचारलं.

"नॉर्मल," काका म्हणाले. "नॉर्मल म्हणे. शंभरवर अठरा ठोके, पलंगावर पडल्या पडल्या. आणि सगळे एका मापाचे." मग त्यांनी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या इराण्याकडे चहाला निघून गेले.

काकूंनी आईला खाली बसवलं. "या शब्दावर तेवढा राग आहे त्यांचा," त्या म्हणाल्या. मग सांगितलं ते मी पलंगावरून ऐकलं. दवाखान्यात असताना एक बाप आपल्या इंटरच्या मुलाला घेऊन आला होता. तक्रार हीच, धडधड. पट्टी काढली ती काकांनी. झोका दिसेना. पण पट्टी काढणाऱ्यानं पेशंटशी बोलायचं नाही, असा दवाखान्याचा नियम. डॉक्टरांनी 'नॉर्मल' लिहिलं. बापानं तिथेच मुलाच्या डोक्यात टपली मारली, "नाटकं करतो." काका गप्प बसले. आठ दिवसांनी त्या मुलाची सायकल काचीगुडा स्टेशनच्या बाहेर सापडली. मुलगा नाही सापडला. आजतागायत नाही. "त्याची पट्टी यांनी डब्यात जपून ठेवलीय," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या पट्टीवर मी यादी लिहिली तरी चालते यांना. त्या पट्टीला हात लावू देत नाहीत."

चहा पिऊन काका परत आले, तर आईनं नवीनच मागणी पुढे ठेवली. पट्टी चिक्कडपल्लीतल्या हार्टच्या डॉक्टरांकडे वाचायला जाणार, त्यावर नाव लागणार. "पोरीचं नाव नका घालू," आई म्हणाली. "उद्या स्थळं बघायची आहेत. यांचं घाला. यांचं घातलं तर काय, पुरुषमाणसाचं चालून जातं."

काकांनी कपाळाला हात लावला. पण आई रडायला लागली आणि काकांना बायकांचं रडणं सहन होत नसे. ते पाहिलं की त्यांचीच नाडी बिघडायची. त्यांनी पट्टीच्या कोपऱ्यात बाबांचं नाव लिहिलं. वय बावन्न.

आता पुढे जे झालं ते आमच्याच घरात होऊ शकतं.

दोन दिवसांनी डॉक्टरांचा कंपाउंडर रिपोर्टचं पाकीट घेऊन घरी आला. तेव्हा बाबा ऑफिसात, आई भाजीला, मी क्लासला, आणि घरात चिक्कडपल्लीची आत्या सहज म्हणून येऊन बसलेली. आत्यानं आयुष्यात दुसऱ्याचं पाकीट न फोडल्याचं उदाहरण नाही. आत लिहिलं होतं की पेशंटचं वय पाहता एवढी गती बरी नव्हे. दोन महिने पूर्ण आराम. मीठ कमी. ताण नको, जागरण नको, मनाविरुद्ध काही करायला लावू नये. संध्याकाळी मोकळ्या हवेत फिरवावं. आत्यानं "अय्यो रामा, माझा भाऊ!" करून टाहो फोडला आणि पिवळ्या बूथवर जाऊन सगळ्या खानदानाला फोन केले. बाबा संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांना उंबऱ्यातच दोघा नातेवाइकांनी धरलं आणि उचलून पलंगावर ठेवलं.

बाबांना आईनं खुणेनं सगळं सांगितलं होतं. पण नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला, मग हा रिपोर्ट कुणाचा? बाबा निमूटपणे आडवे झाले.

पहिल्या दिवशी त्यांना लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसातले लोक मोसंबी घेऊन आले. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले आणि म्हणाले की तुमच्याशिवाय फाइल हलत नाही. चौथ्या दिवसापासून बाबांना खरोखरच थोडं धडधडायला लागलं. ते उशीला टेकून, डोळे अर्धे मिटून "काम फार पडलं हो इतकी वर्षं" असं क्षीण आवाजात सांगू लागले. घरात रेडिओ बारीक झाला, भांडी हळू घासली जाऊ लागली. आणि भेटायला येणाऱ्यांना चहा कोण देणार? मी. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी वीस कप. किटली धरलेल्या हाताला माझाच ठोका लागायचा. तो रिपोर्ट आत्यानं बाबांच्या उशाशी भिंतीला लावला होता. ताण नको, मनाविरुद्ध काही करायला लावू नये, मोकळ्या हवेत फिरवावं. येता-जाता मी तो वाचायची आणि मला बाबांचा हेवा वाटायचा.

एक गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. सकाळी मी क्लासला जातच नव्हते. तीन आठवडे झाले होते. घरून निघायची, क्लासच्या जिन्यापर्यंत जायची, पाय उचलायचे नाहीत, आणि मग काचीगुडा स्टेशनवर जाऊन बाकावर बसायची. सुरुवातीला मी गाड्यांचे डबे मोजायची. एका सकाळी लक्षात आलं की मी डबे मोजत नाही, खाली रुळांकडे बघतेय. किती वेळ, कोण जाणे. मी भयंकर घाबरले. उठून घरी आले आणि पाहुण्यांसाठी चहा टाकला.

त्याच दुपारी काका आले. स्कूटरवर मागे काकू, काकूंच्या मांडीवर रेक्झिनच्या पिशवीत मशीन. काका मला बघायला आले होते, पण हॉलमध्ये आत्या ठाण मांडून बसलेली. काकांनी बाबांच्या पलंगाकडे पाहिलं, मोसंब्यांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या किटलीकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशा थरथरल्या.

"चेकअप," ते म्हणाले. "हे खानदानी असतं. घरातल्या सगळ्यांच्या पट्ट्या काढाव्या लागतील."

"माझी पहिली!" आत्या म्हणाली. फुकटात मिळालं तर ती दाढीसुद्धा करून घेईल.

हिरवी वायर स्वयंपाकघरातल्या नळाला गेली. काकूंनी माजघरात बायकांना बोळे लावले, काकांनी हॉलमध्ये बाबांना. चार पट्ट्या निघाल्या. मग काका कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अर्थिंग निसटतंय. कुणीतरी वायर नळाशी दाबून धरायला पाहिजे. आत्याबाई, तुमच्यासारखं खंबीर माणूस नाही घरात. सोडू मात्र नका. सोडली तर शॉक बसेल."

आत्या स्वयंपाकघरात नळाला चिकटली. मशीन तर केव्हाच बंद झालं होतं.

काकांनी शहाबादी फरशीवर चारही पट्ट्या शेजारीशेजारी पसरल्या. वरच्या बाजूला नावं नव्हती. बाबांना त्यांनी पलंगावरून खाली बसवलं आणि खिशातलं कर्कटक काढून त्यांच्या हातात दिलं. "साहेब, तुम्ही हिशेबी माणूस. यातली तुमची कुठली, ओळखा."

बाबांनी चष्मा लावला. दोन मिनिटं कर्कटक चालवलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "ही," ते म्हणाले. "बघा ना, टोकाला टोक कसं मापात आहे. एक इकडं नाही, एक तिकडं नाही. तीस वर्षं टायमावर ऑफिसला जाणाऱ्या माणसाची आहे ही."

"ही पोरीची."

"शक्य नाही."

काकांनी पट्टी उलटली. मागे त्यांच्याच अक्षरात माझं नाव होतं. "तुमची ही. बघा, थोडी हलतेय. बावन्नाव्या वर्षी हलतेय. दहा दिवस आराम केलात, लागू पडला. आराम चांगलाच असतो हो, फक्त आपण तो चुकीच्या माणसाला दिला. रिपोर्ट निघाला पोरीचा. मोसंबी खाल्ली बापानं. पोरीला मिळाली किटली."

"सोडू का हो?" आतून आत्या ओरडली.

"नक्को!" काका ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सोळा वर्षांच्या पोरीचं काळीज सुपरिंटेंडेंटसारखं चालतंय, साहेब. मी एकदा तोंड बंद ठेवलंय. परत नाही ठेवणार. तिला विचारा."

बाबा माझ्याकडे वळले. मी जन्मल्यापासून त्यांनी मला किती मार्क, कितवा नंबर, किती वाजता, असंच विचारलं होतं. त्या दिवशी त्यांना प्रश्न सापडायला वेळ लागला. "काय होतं तुला?" ते म्हणाले.

मी सांगितलं. छातीचं सांगितलं, अक्षरांचं सांगितलं. क्लासला जात नाही हे सांगितलं.

"मग कुठं जातेस?"

"स्टेशनवर. बाकावर बसते."

काका झटकन उभे राहिले आणि भिंतीकडे तोंड करून थांबले. 

"काय करतेस तिथं?" बाबांनी विचारलं.

"आधी गाड्या बघायची," मी म्हणाले. "आज रूळ बघत होते."

 बाबांच्या हातात कर्कटक तसंच होतं. ते उठले, उशाशी लावलेला रिपोर्ट त्यांनी भिंतीवरून काढला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. मग मला धरून त्यांच्याच पलंगावर बसवलं, आणि माझ्या पायांवर त्यांची शाल टाकली.  मला रडू फुटलं, ते तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"अहो सोडू का? मुंग्या आल्या हाताला!"

"सोडा आता," काका भिंतीकडे बघतच म्हणाले. "झालं काम."

दुसऱ्या दिवशी बाबा मला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पत्ता काकांनी दिला होता. काउंटरवरच्या माणसानं पेन उघडून नाव विचारलं. बाबांनी सवयीनं तोंड उघडलं आणि स्वतःचं नाव सांगायला सुरुवात केली. मी त्यांच्या दंडाला धरलं. "माझं लिहा," मी म्हणाले, आणि आडनावासकट पूर्ण सांगितलं. बाबा खाली बघत राहिले, पण नाही म्हणाले नाहीत.

त्या वर्षी मी एमसेट दिली नाही. वडिलांच्या सेवेसाठी पोरीनं परीक्षेवर पाणी सोडलं, असं आत्यानं सगळीकडे सांगितलं, आणि खानदानात माझी श्रावणबाळ म्हणून कीर्ती झाली. रिपोर्टमध्ये लिहिलेले दोन महिने मी वापरले. गोळ्या घेतल्या, झोपले, संध्याकाळी फिरायला गेले, आणि दुपारी काकांच्या खोलीत बसून त्यांच्याकडून पट्ट्या वाचायला शिकले. बरं व्हायला दोन महिने पुरले नाहीत, वर्षाच्या वर गेलं. पुढे मी बी.कॉम. केलं आणि बँकेत लागले. अमेरिका माझ्याशिवाय व्यवस्थित चालली आहे.

बाबा मात्र अडकले. ते जन्मभरासाठी हार्ट पेशंट झाले. खुबानीचा मीठा, म्हणजे जर्दाळूचं गोड, त्यांचा जीव की प्राण, पण प्रत्येक लग्नात आत्या त्यांच्या शेजारी बसून वाटी बाजूला सारायची. "तुझ्यासाठी नाही हो हे." त्यांनी एकदाही सांगितलं नाही की मला काहीच झालेलं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नातही त्यांनी ती वाटी नुसती बघितली. मी नंतर मांडवामागे त्यांना दोन वाट्या नेऊन दिल्या, आणि काका पहाऱ्याला उभे राहिले. बाबांचं खाऊन झाल्यावर काकांनी त्यांची नाडी बघितली. "एकशे चार. झोका फर्स्टक्लास!"

काकांनी जगाच्या पट्ट्या काढल्या, पण स्वतःची कधी काढली नाही. हलवायानं आपल्या दुकानातली जिलबी खाऊ नये, असं काहीतरी कारण सांगायचे. शेवटी शेवटी खोली बंद झाली, मशीन घरी पलंगाखाली गेलं. मग काकू गेल्या. त्यानंतर दीडेक महिन्यानं मी त्यांना भेटायला गेले, तर हातात हात दिला तरी त्यांनी नाडी बघितली नाही. नुसता हात धरून बसले. मग म्हणाले, "काढ गं माझी एक."

मी मशीन ओढून काढलं. वायर नळाला बांधली. फडताळातलं खडेमीठ घेतलं, पाण्यात विरघळवलं, बोळे भिजवले. ते लावताना काकूंच्या फडताळाचा वास आला आणि दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. मशीन गुरगुरलं. पट्टी निघाली. मी कर्कटक चालवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळी अंतरं अगदी सारखी.

"आहे का झोका?" काकांनी डोळे मिटूनच विचारलं.

"आहे की," मी म्हणाले. "चांगला आहे."

त्यांनी डोळे उघडले, माझ्या हातून कर्कटक घेतलं, आणि पट्टीवर पाच-सहा ठोके चालत गेले. मग बऱ्याच दिवसांनी हसले.

"खोटारडी. अगदी बापावर गेलीस," ते म्हणाले, आणि पट्टी माझ्याकडे सरकवली. "आता लिही. पण नाव माझंच घाल."